हात लावण्याआधी

आमच्या मॅडम जितक्या वेळा मेल्या, तितक्या वेळा आख्ख्या भंडारा जिल्ह्यात कोणी मेलं नसेल. कधी सकाळची प्रार्थना झाल्या झाल्या, कधी दुपारचा डबा खाल्ल्यावर. नर्सिंग स्कूलच्या डेमो रूममध्ये एक जुनी लोखंडी खाट होती. तिच्यावर त्या चपला काढून आडव्या व्हायच्या, पांढरी साडी घोट्यापर्यंत नीट ओढून घ्यायच्या, "आज मी बेशुद्ध हाये" नाहीतर "आज मी गेली" एवढं सांगायच्या आणि डोळे मिटायच्या. मग आम्ही मुलींनी त्यांचं अंग पुसायचं, तोंड साफ करायचं, कूस बदलायची, खालची चादर बदलायची. खऱ्या पेशंटला हात लावायच्या आधी मुलींचा हात बसावा म्हणून प्रत्येक नर्सिंग स्कूलमध्ये अशी खोली असते आणि सरावासाठी रबराची डमी असते. डमी आमच्याकडेही होती, पण ती बहुतेक वेळ कपाटातच असायची. मॅडमचं म्हणणं, "रबराले दुखत नाई. ज्याले दुखत नाई त्याच्यापासून तुमी काय शिकसान?"

नियम एकच होता. हात लावायच्या आधी सांगायचं. "मॅडम, तुमचा उजवा हात उचलते आहे." "मॅडम, पाणी कोमट आहे, पाठीला लावते आहे." पेशंट शुद्धीत असो, नसो. जिवंत असो, नसो. सांगायचं राहिलं की त्यांच्या बोटातली पितळेची जाड अंगठी खाटेच्या लोखंडावर वाजायची. टक. डोळा उघडायचा नाही, चेहऱ्यावरची रेघ हलायची नाही, फक्त टक. की सगळं पहिल्यापासून. आणि बरोबर झालं तर? तर काही नाही. शाबासकी देण्याची त्यांना सवय नव्हती. अंगठी गप्प राहिली म्हणजे पास.

पाठीमागे आम्ही त्यांना मुडदा मॅडम म्हणायचो. मुली कुठल्याच शिक्षिकेला सोडत नाहीत, त्यांना तरी काय म्हणून सोडतील? माझी रूममेट बपेरा गावची होती, नक्कल करण्यात पटाईत. होस्टेलच्या कॉटवर ती अशी ताठ पडायची आणि ताटावर चमचा असा वाजवायची की आमची हसता हसता मुरकुंडी वळायची. पण डेमो रूममध्ये तीसुद्धा चूप. तिथे खाटेवर पडलेल्या बाईचा श्वास दिसत नसे. पोट हलत नसे. गाल आत जायचे, जबडा सुटायचा, आणि थोड्या वेळानं आपण कुणाकडे पाहतो आहोत हेच कळेनासं व्हायचं. अशा वेळी त्या खोलीतल्या कूलरचा आवाजसुद्धा नकोसा वाटे.

उठल्यावर त्या पुन्हा साध्या मास्तरीण. केस सारखे करायच्या, चहा मागवायच्या. मात्र सांगून करायची खोड त्यांना चोवीस तास होती. भिंतीतल्या कपाटात हाडांचा सांगाडा टांगलेला असे, ते दार उघडायच्या आधी त्या दोन बोटांनी ठोकायच्या आणि म्हणायच्या, "उघडून राहिली हो." गेटपाशी कुत्रा झोपलेला असला तर त्याला, "जाऊन राहिली बाजूनं, उठू नको." चपराशी म्हणायचा, मॅडम बेसिनचा नळही विचारून सोडतात. कोणी खाटेच्या नंबरानं पेशंटचं नाव घेतलं तर मात्र त्या चिडायच्या. "पाच नंबरले बुखार आला? खाटेले येते काय व बुखार?"

शिकवण्याची त्यांची तऱ्हाही तशीच. आमच्यातल्या प्रत्येक मुलीला एकेक दिवस पेशंट व्हावं लागे. सकाळपासून संध्याकाळपर्यंत खाट सोडायची नाही, बोलायचं नाही, हात हलवायचा नाही. मैत्रिणी भरवतील तो भात खायचा, त्या पुसतील तसं पुसून घ्यायचं. आणि हो, बेडपॅनसुद्धा. त्यावर पहिल्या वर्षाच्या मुली रडायच्या, घरी फोन करायच्या. मॅडम शांतपणे सांगायच्या, "बेडपॅनवर बसल्याबिगर बेडपॅन देता येत नाई पोरीहो." माझा दिवस आला तेव्हा रूममेटनं लाखोळीच्या डाळीचा गरम घास न सांगता माझ्या तोंडात कोंबला होता. टाळू पोळली. तोंडातून आवाज काढायची परवानगी नव्हती. डोळ्यांतून पाणी येत राहिलं आणि तिला वाटलं मला घराची आठवण येते आहे. त्या एका घासानं मला जे कळलं ते कुठल्या पुस्तकानं कळलं नसतं. आजही मी पेशंटच्या तोंडाशी चमचा नेते तेव्हा आधी सांगते, भात आहे, गरम आहे, थोडा आहे.

पण एका दिवशी मी शाळा सोडून पळाले, त्याला कारण मॅडमच.

त्या दिवशी त्या "गेल्या" होत्या. मेलेल्या माणसाची शेवटची स्वच्छता शिकायची होती. आम्ही आळीपाळीनं केली, तास संपला, घंटा झाली, मुली गेल्या. ट्रे आवरायचं काम माझ्याकडे होतं. मी वाट्या धुतल्या, कापूस गोळा केला, वळून पाहिलं तर मॅडम तशाच. "मॅडम, तास झाला," मी म्हटलं. काही नाही. दुपारचं ऊन खिडकीतून त्यांच्या पायांवर आलं होतं आणि पायांची बोटं मेणासारखी दिसत होती. मी मनगट धरलं. गार होतं. नाडी शोधली, सापडली नाही. जागा बदलून पुन्हा शोधली. नाहीच. मी सांगायचं विसरून त्यांना हात लावला होता, हे तेव्हाच माझ्या लक्षात आलं. अंगठी वाजली नव्हती. माझ्या तोंडातून जो आवाज निघाला तो माझा मलाच ओळखू आला नाही. मी ट्रे टाकून पळाले.

व्हरांड्याच्या टोकाला पोचले तेव्हा मागून आवाज आला. "नाडी मनगटात नाई भेटली त मानेत पाह्याची. पळाची नाई." मॅडम दारात उभ्या होत्या, केस सारखे करत.

मी तशीच होस्टेलवर गेले आणि बॅग भरली. माझं घर लाखांदूरच्या बाजूला. ह्या बाईच्या हाताखाली आपण वेड्या होऊ, त्यापेक्षा घरी जाऊन डी.एड. करू, काहीही करू, पण मेल्या माणसाला हात लावायचं हे काम आपलं नाही, असं मी पक्कं ठरवलं होतं. लाखांदूरची एसटी मिळाली, खिडकी मिळाली. गाडी गावाबाहेर पडली तेव्हा कुणीतरी मागच्या सीटवरून उठून आलं आणि म्हणालं, "बाजूले बसून राहिली हो." मी न पाहताच ओळखलं.

मॅडमचं गाव दिघोरी. त्या शनिवारी गावी चालल्या होत्या. माझ्या मांडीवरच्या बॅगेकडे त्यांनी पाहिलं. कागदाच्या पुडीतले फुटाणे खात राहिल्या. बाहेर रोवणीचे, धानाची रोपं लावायचे दिवस होते. धानाच्या बांध्यांमध्ये पाणी भरलेलं, बाया ओळीनं वाकलेल्या. त्या बाहेर पाहतच म्हणाल्या, "असेच दिवस होते."

मग त्यांनी जे सांगितलं ते भाजीचा भाव सांगावा तशा आवाजात सांगितलं.

"मी लहान होती. ताप आला. लय दिवस होता. एका सकाळी मले समदं आयकू येत होतं, पन डोळे उघडत नव्हते. माय रडून राहिली होती. मले आंगनात आनलं. आंगावर थंड पानी टाकलं, कोनी सांगतलं नाई. उचललं, उलथवलं, फडक्यानं घासलं. एक बाई म्हने, लवकर आटपा व, बांधीत बाया थांबल्या हायेत. मी म्हनून राहिली, मी हाये, मी हाये. पन तोंडच हालेना."

कंडक्टर तिकिटं फाडत आमच्यापाशी आला, गेला. त्यांनी पुडी माझ्याकडे केली. मी नको म्हटलं.

"मंग शेजारची म्हातारी आली. तिनं माहा हात धरला आन् म्हने, पोरी, हात धुतो व तुहा. माह्याशी बोलली ते. मी जित्ती हाये असं तिले वाटलं नसन, पन बोलली. तवा मले वाटलं, आता हिले उत्तर देलं पायजे. सारी ताकद एका बोटात आनली. बाजूले पान्यानं भरलेला पितळेचा गुंड होता. नख लागलं त्याले. टक."

"मग?" मी विचारलं.

"मंग काय. म्हातारी बोंबलली, माय बेशुद्ध पडली. मी वाचली." त्यांनी फुटाण्याची सालं फुंकली. "पन त्याच्यानंतर गावातल्या बाया मले हात लावाले भेत. माह्या हातचं पानी नाई पेत. लगन नाई झालं माहं. मेलेल्या पोरीले कोन करन?"

मला तेव्हा त्यांची भीती वाटली नाही असं नाही. उलट जास्त वाटली. पण त्या भीतीत आता दुसरंही काही मिसळलं होतं. ती लहान मुलगी अंगणात पडली आहे, तिला सगळं ऐकू येतं आहे, आणि चार बाया तिला भांडं घासावं तशी घासत आहेत, हे चित्र माझ्या डोळ्यांपुढून हलेना.

"मले मरनाचं भेव नाई," त्या म्हणाल्या. "ते झालं एकदा. न सांगता कोनी हात लावन, याचं भेव हाये. बाकीच्या पोरी हसतेत. तू भेली. तुह्या हाताले समजते. म्हनून तुले सांगून ठेवतो. माही येळ आली त माहं तू कर. डॉक्टरनं सांगतलं तरी तू सोता पाह्यजो, मनगटात, मंग मानेत. आन् सांगून सांगून कर. एवढं करशीन?"

मी मान हलवली.

"तोंडानं सांग."

"करीन मॅडम."

"मंग ही बॅग घेऊन सोमवारी वापस ये." आणि दिघोरी आल्यावर त्या उठल्या. उतरताना दाराच्या दांडीला म्हणाल्या, "धरून राहिली हो."

मी सोमवारी परत गेले. रूममेटनं विचारलं, काहून गेली होती व? मी म्हटलं, कपडे आणायला.

त्यानंतर आम्हाला खऱ्या वॉर्डात पाठवू लागले. तिथे एक म्हातारी बेशुद्ध होती, नाकातून नळी घातलेली, त्या नळीतून तिला पातळ अन्न द्यायचं. मला घाई होती, वॉर्डात आरडाओरडा होता. मी सिरिंज भरली, नळीला लावली आणि आता दाबणार, तेवढ्यात अगदी जवळ लोखंडावर वाजलं. टक. माझा हात जागच्या जागी थांबला. मॅडम तिथे नव्हत्या, त्या शाळेत दुसऱ्या वर्गावर होत्या. शेजारच्या खाटेवरची बाई स्टीलचा डबा बंद करत होती, तो वाजला असेल. असेलच. पण माझे हात आपोआप पहिल्यापासून सुरू झाले. "आजी, तुमच्या नळीतून जेवण देते आहे," मी म्हटलं, आणि सांगायला वाकले म्हणून मला दिसलं की नळी सरकून निम्मी बाहेर आली आहे. ते अन्न मी दाबलं असतं तर म्हातारीच्या फुप्फुसात गेलं असतं. मी सिस्टरांना हाक मारली.

संध्याकाळी मॅडमना सगळं सांगितलं, वाजलेलं सुद्धा. मला वाटलं त्या हसतील, किंवा निदान डब्याबद्दल काही बोलतील. त्यांनी एवढंच विचारलं, "आजीले मंग सांगतलं का, का थांबली ते?" नव्हतं सांगितलं. त्यांनी मला वॉर्डात परत पाठवलं.

पुढे नोकरी लागली, मॅडम निवृत्त होऊन गावी गेल्या. आता मी वॉर्डातली जुनी सिस्टर आहे. मुडदा पाहून माझा चहा थंड होत नाही. नव्या मुलींना मी कामापुरतं शिकवते, पण खाटेवर पडून मरून दाखवायची माझी छाती नाही. दाखवावं असं खूपदा वाटतं. भीती वाटते की अंगठीशिवाय ते नुसतं नाटक होईल.

मागच्या पावसाळ्यात दुपारच्या ड्यूटीला आले तर खिडकीजवळच्या खाटेवर मॅडम होत्या. अर्धांगाचा झटका. भाच्यानं गावाहून आणलं होतं. तोंड वाकडं, डोळे मिटलेले, श्वास मात्र दिसत होता, आणि वेडेपणा म्हणा, पण तो दिसत होता म्हणूनच मला त्या मॅडम वाटेनात. मी वाकून कानाशी म्हटलं, "मॅडम, मी आहे. तुमचा हात धरते आहे." हात सुजला होता. अंगठी रुतत होती, म्हणून ती साबण लावून काढली आणि भाच्याच्या हातात दिली. काढायच्या आधी सांगितलं. नंतरचे काही दिवस मी त्यांच्या अंगाला दुसऱ्या कोणाचा हात लागू दिला नाही, आणि लागलाच तर सांगून लागू दिला. त्या एकदाही हलल्या नाहीत. मी रोज वाट पाहिली, खोटं कशाला बोलू.

त्या गेल्या तेव्हा दुपार होती आणि बाहेर संततधार. रोवणीमुळे वॉर्ड अर्धा रिकामा होता. डॉक्टरांनी तपासलं, मशीन लावलं, सरळ रेघेचा कागद निघाला, ते सही करून पुढच्या पेशंटकडे गेले. मी पडदा ओढला. मदतीला पहिल्या वर्षाची एक विद्यार्थिनी होती, दोनच महिन्यांपूर्वी आलेली, मॅडमचं नावसुद्धा न ऐकलेली. तिचे ओठ पांढरे पडले होते. मी आधी मनगट पाहिलं, मग मान. नाही. मग सुरू केलं. "मॅडम, डोळे मिटते आहे. मॅडम, तोंड पुसते आहे, पाणी कोमट आहे." पोरगी माझ्याकडे टकामका पाहत होती.

पडद्याबाहेरून भाच्यानं हाक दिली, "सिस्टर, लवकर करा ना जरा. गाडी उभी हाये. बांधीत बाया थांबल्या हायेत, रोवणी अर्धी पडली."

"झालंच भाऊ," मी म्हटलं.

तो पुन्हा म्हणाला, पुन्हा म्हणाला. मी पोरीला डोळ्यानं खूण केली, दोघींनी मॅडमच्या खांद्याखाली आणि कमरेखाली हात घातले आणि कुशीवर वळवायला उचललं.

टक.

लोखंडावर. अगदी खाली, मॅडमच्या हाताजवळ.

"सिस्टर," पोरगी कुजबुजली, "हे काय वाजलं जी?"

आमचे चारी हात मॅडमच्या पाठीखाली होते. ट्रे लांब स्टुलावर होता. अंगठी भाच्याच्या खिशात होती. मी त्यांना अलगद खाली ठेवलं. भुताचा विचार माझ्या मनात नव्हता. माझ्या मनात ते अंगण होतं. त्या आत असतील तर? ऐकत असतील तर?

मी मानेवर बोटं ठेवली आणि ठेवूनच राहिले. स्टेथोस्कोप लावला. टॉर्च मारून बाहुल्या पाहिल्या. डॉक्टरांना परत बोलावलं, मशीन परत लावायला लावलं. त्यांनी लावलं. कागद निघत राहिला, निघत राहिला, रेघ सरळ. बाहेर भाचा चिडून बोलत होता. डॉक्टर हळूच म्हणाले, "सिस्टर, त्या गेल्या आहेत." तेव्हा कुठे मला रडू आलं. इतकी वर्षं वॉर्डात मी रडले नव्हते.

डॉक्टर गेल्यावर मी पडदा पुन्हा ओढला आणि भाच्याला सांगितलं, "भाऊ, वेळ लागेल. बाया थांबतील."

मग पहिल्यापासून. डोळे, तोंड, हात, एकेक करून, सांगून. "मॅडम, मघाशी न सांगता उचललं, चुकलं. आता डाव्या कुशीवर वळवते आहे. माझ्याबरोबर एक नवी मुलगी आहे, तिचे हात गार आहेत." पोरगी मुसमुसत होती, पण तिचे हात नीट चालले होते. पाठ पुसली, कोरडी केली, नवी साडी गुंडाळली. शेवटची चादर पायापासून ओढत आम्ही वर आणली आणि छातीपाशी माझा आवाज बसला.

पोरगी खाली वाकली. मी तिला सांगितलं नव्हतं.

"मॅडम," ती त्यांच्या कानाशी म्हणाली, "तोंडावरून चादर घेऊन राहिली हो."

आणि घेतली. आम्ही दोघी उभ्या राहिलो, खाटेकडे पाहत.

काही वाजलं नाही.